गारद्यांचा शुक्रवार

जानेवारीतल्या एका गुरुवारी इस्माईल कापडाच्या टेम्पोतून मुंबईला निघाला. कशेळीच्या पुलाअलीकडे टेम्पो ट्रकवर आदळला. शुक्रवारी दुपारी तो आणि मी खेळायला बसणार होतो.

हे त्र्याहत्तर सालचं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, तो माझ्याहून वर्षानं लहान. आता मी ऐंशीचा झालो.

यंदा थंडी उशिरा आली. डिसेंबर सरत आला तरी पंखे चालू होते, आणि मग एका पहाटे कामवारी नदीकडून धुकं आलं ते थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. परवा मंडईत एक बाई वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. मी दोन शेंगा दाबून पाहिल्या तर म्हणाली, "दाबता काय काका, शेलार गावचा वाल हाय. भाताच्या जमिनीतला. पानी न्हाय दिलेला." मी अर्धा किलो घेतला. घरी येताना लक्षात आलं की आपल्याला आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो आहे. म्हणजे शुक्रवार होता.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. भिवंडीत आठवड्याचे सहा दिवस यंत्रमाग चालतात. त्यांची खडखड भिंतीतून येते, उशीतून येते, पाण्याच्या पेल्यावर बारीक वलयं उठवते. आम्हाला ती ऐकू येत नाही. आम्हाला शुक्रवार ऐकू येतो. त्या दिवशी माग बंद असतात, आणि कोणाची तरी कढई, कोणाचा खोकला, दूरच्या मशिदीतली अजान, हे सगळं सुटं सुटं होऊन कानाशी येतं. त्या सालच्या हिवाळ्यात ही शांतता जास्तच होती. आदला पावसाळा कोरडा गेला होता, विजेची कपात होती, आणि माग इतर दिवशीही मध्येच बंद पडत. लोक हवालदिल होते. मला मात्र, खरं सांगायचं तर, तो हिवाळा फार आवडला होता.

आदल्या वर्षी मुंबईला, फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत, मला एक विलायती मासिक सापडलं होतं. त्यात एक फोटो होता. चांगली पोक्त माणसं, टाय बांधलेली, एका मोठ्या टेबलावर वाकलेली. टेबलावर शिशाचे बोटभर उंचीचे शिपाई, कागदाची झाडं, कापडाचे डोंगर. दोनशे वर्षांपूर्वीची त्यांच्याकडची एक लढाई ती माणसं पुन्हा लढत होती, आणि गंमत अशी की इतिहासात हरलेली बाजू या टेबलावर जिंकू शकत होती. मी इतिहासाचा मास्तर. दर वर्षी सातवीच्या वर्गात मी पानिपत हरत होतो. तो फोटो मी कितीतरी दिवस पिशवीत घेऊन हिंडलो.

इस्माईलशी ओळख वाचनालयातली. मला हवी असलेली बखर नेहमी त्याच्याकडे गेलेली असायची, त्यावरून. निजामपुऱ्यातलं त्याचं घर कोकणी मुसलमानांचं, कित्येक पिढ्या तिथलंच. घरात मराठीच बोलत, आणि ती माझ्या मराठीपेक्षा इथली. माझे वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले. आम्ही भिवंडीत नवे होतो. मॅट्रिकनंतर तो चुलत्यांच्या आठ मागांच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागला होता. माग बिघडला की तो बरा करायचा, ही जॉबरची नोकरी. मी त्याला फोटो दाखवला तेव्हा त्यानं तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"शिशाचे शिपाई कुठनं आणणार मास्तर? आपल्याकडं कांड्या हायत की."

कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी लाकडाची काडी, तिच्यावर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. मोडकी कांडी चुलीत जाते. इस्माईलनं महिनाभर त्या चुलीपासून वाचवल्या. करवतीनं बोटाएवढे तुकडे केले, वर उरलेल्या सुताची पागोटी गुंडाळली. मराठ्यांना भगवं सूत, पठाणांना निळं, मराठ्यांच्याच पदरच्या गारद्यांना, म्हणजे तोफखान्याच्या पगारी शिपायांना, काळं. तुटलेला धागा सांधायची सवय असलेली ती बोटं; थुंकीचा एक थेंब, अंगठ्याची एक फिरकी, आणि गाठ कुठे पडली ते दिसायचंही नाही. मी एक पागोटं बांधलं होतं. ते पाहून तो म्हणाला, "ह्या शिपायाला टाइफाइड झालाय काय?"

कारखान्यात कापड तपासून घड्या घालायचं एक लांब टेबल होतं. शुक्रवारी ते रिकामं असे. माझी शाळा सकाळची, त्याची जुम्म्याची नमाज दुपारची. दोन्ही आटोपून आम्ही अडीचच्या सुमाराला तिथे भेटायचो. टेबलावर कोरं कापड अंथरलं की झालं पानिपत. एका कडेला निळ्या लुंगीची पट्टी, ती यमुना. बाजूला आठही माग गप्प उभे. तेलाचा आणि खळीचा आंबूस वास, आणि कौलांतल्या काचेतून येणाऱ्या उन्हात कापसाची लव तरंगत असायची, टेबलावर हळूहळू उतरायची. तासाभरात दोन्ही फौजांवर हिमाचा पातळ थर असे.

चालीचं माप म्हणजे एक गाठी मारलेला दोरा. पायदळाला एक गाठ, घोडदळाला दोन. तोफ डागली की सात कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तितके शिपाई आडवे. मराठे उपाशी होते, म्हणून चौथ्या चालीनंतर त्यांच्या घोड्यांना दीडच गाठ, असा नियम मी केला. इस्माईल म्हणाला, "भुकेलाही दोरा लावलात मास्तर." फौजेबरोबर निघालेली बायकामुलं आणि यात्रेकरू म्हणून आम्ही कापसाचे बोळे ठेवले होते.

पहिल्या शुक्रवारी मी खोका उघडला, भगवे आणि काळे माझ्याकडे ओढले, निळे त्याच्याकडे सरकवले. हे करताना माझ्या मनात काही नव्हतं. मनात काही नव्हतं, हेच मला पुढे कधी विसरता आलं नाही.

मराठ्यांचा बेत गोलाचा होता. तोफा आणि गारदी बाहेरच्या अंगाला, बायकामुलं मध्ये, आणि सगळ्यांनी मिळून एका चालीनं यमुनेकडे सरकायचं. प्रत्यक्षात घोडदळाला धीर धरवला नाही. ते गारद्यांच्या तोफांच्या पुढे धावलं, आणि आपलीच माणसं समोर आल्यावर तोफा मुक्या झाल्या. मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. आणि टेबलावर दर शुक्रवारी हेच करत असे. मला रांगत रांगत जाणारा गोल सोसवायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या चालीला माझा हात आपोआप भगव्या घोड्यांकडे जायचा.

"आला मास्तरांचा घोडा," इस्माईल वर न बघता म्हणायचा. "आता तोफांच्या उंटांना चहा पाजून घेतो, तसं काम काय उरलं न्हाय."

"थांब, अजून माझा उजवा भाग शाबूत आहे."

"हाय ना. चाचा, बघा, मास्तरांचा उजवा भाग शाबूत हाय!"

चाचा म्हणजे कारखान्याचे मालक, त्याचे चुलते. दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. त्यांना खेळ कधी कळला नाही, पण खेळायला त्यांनी कधी ना म्हटलं नाही. एकच अट होती. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "खेळा, लेकिन दरवाजा उघडा ठेवा." गावात दंगल होऊन अडीच वर्षं झाली होती. जळलेल्या दुकानांना नवे रंग लागले होते, ईद आणि दिवाळी त्या वर्षी एकाच आठवड्यात आली आणि नीट पार पडली, तरी दोन वेगळ्या आळ्यांतले दोन तरुण बंद खोलीत नकाशावर वाकलेले कोणाला दिसू नयेत, एवढं चाचांना कळत होतं. म्हणून आम्ही दार सताड उघडं ठेवून पानिपत लढलो. येणारेजाणारे डोकावत. एकदा एक हमाल बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ये कौन सा माल है?"

सहाव्या शुक्रवारी, मी हरल्यावर, खोक्यात शिपाई भरताना इस्माईल म्हणाला, "मास्तर, एक जुम्मा गारदी माझ्याकडं द्या ना."

"गारदी मराठ्यांकडे असतात."

"तेच बोलतो. मराठे द्या."

मी हसलो. म्हटलं, "अरे, तुझे पठाण इतके छान चाललेत! मी पठाण झालो तर खेळात राम राहणार नाही."

"बरोबर हाय," तो म्हणाला, आणि एका शिपायाचं सुटलेलं पागोटं पुन्हा गुंडाळायला लागला.

घरी येऊन मी हे सुधाला, माझ्या बायकोला, गंमत म्हणून सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती हसली नाही.

"सहा शुक्रवारांत तुम्ही किती वेळा पठाण झालात?" तिनं विचारलं.

"तो चांगला खेळतो तसा. म्हणून."

"तुम्ही त्यांना पहिल्या दिवशी विचारलं होतंत, कुठली बाजू हवी?"

मी वर्तमानपत्र उघडलं. शेंगा सोलल्याचा आवाज थोडा वाढला. आणि इथे मला लिहायला हवं की त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा भगवेच ओढले. त्याच्या पुढच्याही. सवय होती म्हणता येईल. पण सुधाचा प्रश्न डोक्यात असताना ओढले, तेव्हा ती नुसती सवय नव्हती. मला पानिपत जिंकायचं होतं, आणि ते माझं आहे असं मला वाटत होतं. इस्माईलचंही असेल, हे कधी मनातच आलं नाही. तो बखरी माझ्याआधी वाचून ठेवायचा, तरीही.

नव्या वर्षातल्या पहिल्या शुक्रवारी मी खोका उघडला आणि निळे माझ्याकडे घेतले. त्यानं लुंगीला हात पुसले, काळी पागोटी एकेक करून उभी केली, आणि मग कितीतरी वेळ टेबलाभोवती नुसता फिरत राहिला.

त्याचा गोल काही गोल नव्हता. लांबट, दुध्या भोपळ्यासारखा होता. एक चाल केली की तो दोरा घेऊन पूर्ण फेरी मारायचा. कुठे दोन शिपायांत एका गाठीहून जास्त फट दिसली की म्हणायचा, "थांबा." आणि अख्खी फौज एक चाल जागेवर. फट भरायची, मगच पुढे.

"असा तू यमुनेवर होळीला पोचशील," मी म्हटलं.

"पोचेन ना पण. ताणा तुटला की माग थांबवतात मास्तर. धागा सांधायचा, मग पुढं. एक धागा गेला तर काय होतं म्हणून चालू ठेवला की हातभर कापड वाया जातं. तुमचं घोडदळ म्हणजे न थांबवलेला माग."

माझ्या उंटांवरच्या तोफा त्यानं दोनदा परतवल्या. कवड्या टाकताना तो डोळे मिटायचा. मधेच, गारद्यांच्या सरदाराचा शिपाई एक गाठ पुढे सरकवत, म्हणाला, "ह्याला पलीकडनं बोलावणं आलं होतं म्हणे. आपल्यातला हायस, इकडं ये. गेला न्हाय."

"बखरीत आहे तसं."

"बखरीत हाय ते सोडा. पगार घेतला होता त्यानं. आणि तोफा त्याच्या होत्या. आपल्या तोफा सोडून कोण जातं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कवड्या गोळा करत होता. मला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं, सहा-आठ शुक्रवारांचं. पण असल्या गोष्टी बोलायची आम्हा दोघांना सवय नव्हती, म्हणून मी बोलण्याऐवजी एक चाल केली. माझे ताज्या दमाचे स्वार मी मुद्दाम लांब, कडेला नेले, जिथे त्यांचा काही उपयोग नव्हता.

इस्माईलनं दोरा खाली ठेवला.

"उचला."

"काय?"

"ती चाल उचला मास्तर. आठ हप्ते मी जिंकलो ते खरं जिंकलो. मला खोटं जिंकवू नका. असं जिंकून मी काय करू?"

तो माझ्यावर चिडलेला मी तेवढाच पाहिला. दाराशी चाचांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मी स्वार उचलले, पुन्हा जागेवर ठेवले, आणि मग आम्ही खरे लढलो. इतका वेळ आम्ही कधीच खेळलो नव्हतो. माझं पानिपत नेहमी ऊन असतानाच आटपायचं. त्या दिवशी काचेतलं ऊन टेबलावरून उतरून मागांवर गेलं, मागांवरून भिंतीवर, आणि गोल शाबूत होता. यमुनेपासून तीन गाठींवर होता. कापसाचे सगळे बोळे आत होते. चाल माझी आली तेव्हा अजान झाली.

शनिवारी टेबल कामाला लागणार, म्हणून मी आलेखाच्या वहीत कोण कुठे उभा आहे ते टिपून घेतलं. तो खांद्यावरून बघत होता. "हा इकडं एक घर," असं दोनदा सांगितलं.

"घरी बसून चाल शोधू नका हां," निघताना म्हणाला.

"शोधणार."

"मग खरी शोधा."

ती मला वंजारपट्टी नाक्यापाशीच सापडली, सायकलवर. गोलाच्या मागच्या अंगाला, बायकामुलांच्या पाठीशी, गारद्यांची रांग एकेरी होती. ताजे स्वार सगळेच्या सगळे तिथे घातले असते तर कवड्या कशाही पडोत, गोल फुटला असता. मला आनंद झाला होता. इतका, की मी सायकलवरून उतरलो आणि नाक्यावर थोडा वेळ उभाच राहिलो. पूर्ण आठवडा मी शाळेत खुशीत होतो. पुढच्या शुक्रवारी त्याचा चेहरा कसा होईल, ह्याचीच वाट बघत होतो.

मग गुरुवार आला.

इस्माईल जाऊन चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्याच्या आईला भेटायला गेलो. ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "तुम्हीच काय ते मास्तर. बसा." मी बसलो. तिचा हात थांबला नाही. "जुम्म्याला घरी आला की सांगायचा. आज पन मला पठाण केला मास्तरांनी. मी बोलले, तू सांगत का न्हाय? तर बोलला, मास्तर माणूस चांगला हाय, त्याच्या ध्यानात येईल." तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "आन शेवटच्या जुम्म्याला आला तो गातच आला. बोलला, आज मी आपल्या बाजूनं होतो."

तिनं टाकलेला खडा मी उचलून हातात धरला.

"कोण जिंकलं मग?" तिनं विचारलं.

"खेळ अर्धा राहिला, आई."

"मग संपवा की. काम अर्धं ठेवू नये."

चाचांनी त्याच वर्षी चार माग विकले. शिपायांचा खोका त्यांनी माझ्याकडे पाठवून दिला. सुधानं त्यातली सैल पागोटी बांधायला घेतली होती, मी नको म्हटलं. त्यानंतर पन्नासेक हिवाळे गेले असतील. दर वर्षी थंडी पडली, बाजारात वाल आला, एखाद्या शुक्रवारी सगळं गप्प झालं की मी त्याच्या बाजूनं विचार करू लागतो. ती एकेरी रांग त्याला दिसली नव्हती, हे मला खरं वाटत नाही. बारा हातांवरून तुटलेला धागा ज्याला दिसायचा त्याला ती दिसलीच असणार. मग त्यानं ती तशी का ठेवली? माझ्या स्वारांना आत ओढायचं आणि दोन्हीकडून गोल मिटायचा, असा काही बेत असेल. किंवा माणसंच कमी पडली असतील, आणि कुठेतरी एकेरी ठेवावंच लागलं असेल. कधी वाटतं, आपल्याकडे बायकामुलांवर घोडे घालणारा माणूस बसलेला नाही असं त्यानं धरलं असेल. हे मला कळण्याचा एकच मार्ग होता.

मी ती चाल केली तर बहुधा त्याचा गोल फुटतो. नाही केली, दुसरी कुठली बरी चाल केली, तर मी पुन्हा त्याला खोटं जिंकवतो, आणि ते त्यानं मला उचलायला लावलं होतं. मुलांनी पुष्कळदा विचारलं, बाबा, हे कसले शिपाई, मांडा ना. नातवानंही विचारलं. मी त्यांना दुसऱ्या लढाया शिकवल्या. प्रत्येकाला आधी विचारलं, तुला कुठली बाजू हवी.

शिपाई माझ्याकडे आहेत, वही आहे. डाव अर्धा आहे. चाल पठाणांची आहे, म्हणजे माझी.